उन्हाचा भाव

ऑगस्टमधल्या त्या रविवारी चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद मिळाला, आणि मिहरान तोरिगियननं त्या वर्षातलं पहिलं द्राक्ष तोंडात टाकलं. सगळा जन्म द्राक्षांच्या मळ्यात गेलेला माणूस, पण फादरनी पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय एक मणीही चाखायचा नाही, हा आईनं घालून दिलेला नियम त्यानं चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत पाळला होता. बाकीच्या आज्ञांच्या बाबतीत त्याचं धोरण जरा सैल होतं. द्राक्ष चावून तो दरवर्षीप्रमाणे म्हणाला, "गेल्या वर्षीची गोड होती." मग सगळं कुटुंब गाड्यांत बसून त्याच्या घरी जेवायला आलं.

फ्रेस्नो शहराच्या बाहेर, फाउलर गावाच्या वाटेवर, हे घर अजून उभं होतं. भोवतीचा मळा मात्र आटत आटत पाच एकरांवर आला होता. उरलेला विकला गेला होता, आणि तिथे आता चहूबाजूंनी बदामाची झाडं होती. बाहेर पारा फॅरनहाइटमध्ये एकशे आठवर. असल्या उन्हात वाळवणाच्या ताटांवर द्राक्षाचा बेदाणा होतो. माणसाचं काय होतं हे पाहायला कुणी बाहेर थांबलं नाही. घरात एसी चालू होता, पण तो चार वाजेपर्यंत. चार ते नऊ विजेचा दर वाढतो, म्हणून चार वाजता मिहरान स्वतः उठून तो बंद करी. त्या वेळी घरात पाहुणे आहेत की पाद्री, हे तो बघत नसे.

स्वयंपाकघरात झाबेल कॉफीची तयारी करत होती. झाबेल म्हणजे मिहरानची थोरली बहीण, वय सत्त्याऐंशी. नवरा वारल्यावर ती भावाकडे राहायला आली, मग भावजय अझ्निव्हही वारली, आणि म्हातारपणी दोघं भावंडं लहानपणासारखी पुन्हा एका छपराखाली भांडू लागली. हे छप्पर जाणार की राहणार, ते आज ठरायचं होतं. घरात तसं उघड कुणी बोललं नव्हतं, पण झाबेलला ऐकू कमी येतं अशी सगळ्यांची समजूत असल्यामुळे तिला सगळं माहीत होतं.

प्रकरण असं होतं. शेजारच्या बदामवाल्याला हे घर आणि उरलेले पाच एकर हवे होते, आणि त्याला सोमवारी उत्तर हवं होतं. मिहरानचा मुलगा रॅफी म्हणत होता, विकून टाकू आणि बाबांना क्लोव्हिसला आमच्याकडे नेऊ. रॅफीच्या घरात एक खोली रिकामी होती. झाबेलनं ती पाहिली होती. तिच्यात एक पलंग होता आणि एक व्यायामाची सायकल, जिच्यावर रॅफी आपले कोट वाळत घाली. ती सायकल काढली असती तरी दुसरा पलंग मावला नसता. झाबेलनं मनातल्या मनात तो उभा, आडवा, तिरका लावून पाहिला होता.

आणि नेमका याच रविवारी मिहरानच्या चुलतभावाचा मुलगा बेर्ज छपरावर सौर पॅनेल बसवायचा प्रस्ताव घेऊन जेवायला आला होता. छपरावर इतका खर्च करणारा माणूस घर विकत नाही, हे रॅफीला कळत होतं. त्यामुळे आज जेवणात कबाब होते, पिलाफ होता, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात होता, आणि एकमेकांशी कुणी नीट बोलत नव्हतं.

पॅनेलची गोष्ट या घरात जुनी होती. पहिला विक्रेता आला तेव्हा अझ्निव्ह हयात होती. चकचकीत बुटांच्या त्या माणसानं जो आकडा सांगितला तो नव्या ट्रॅक्टरच्या किमतीएवढा होता. मिहरान सगळ्या किमती ट्रॅक्टरमध्ये मोजी. त्यानं त्या माणसाला कॉफी पाजली, आईवडिलांची चौकशी केली, फाटकापर्यंत पोचवलं आणि सांगितलं, पुढच्या वर्षी या. बेदाण्याच्या धंद्यात पहिला भाव हा अपमान असतो आणि दुसरा विनोद. तिसऱ्यापासून बोलणी सुरू होतात. पुढच्या खेपेला विक्रेता आला तेव्हा आकडा खरोखरच उतरला होता. मिहरान नाचायचाच बाकी राहिला. काहीएक न करता, नुसतं घरात बसून आपण अर्धा ट्रॅक्टर कमावला, असं त्यानं बायकोला सांगितलं. अझ्निव्ह म्हणाली, एवढे कमावलेत तर मला नवी शेगडी आणा.

पुढे दरवर्षी हेच. पॅनेल स्वस्त होत गेली, मिहरान थांबत गेला, आणि थांबण्यातून त्याची कमाई वाढत गेली. शेजारीपाजारी सगळ्यांनी छपरं काळी करून घेतली. मिहरानला त्यांची कीव येई. घाई केली बिचाऱ्यांनी, तो म्हणे. एका वर्षी बेदाण्याचा माल नोव्हेंबरपर्यंत धरून ठेवल्यामुळे आपल्याला दुप्पट भाव कसा आला, ही हकिगत तो अशा वेळी सांगे. त्याच्या पुढच्या वर्षीही तो थांबला होता. ती हकिगत तो सांगत नसे.

मग दोन वर्षांपूर्वी वसंतात वीज कंपनीचे नियम बदलले. तोवर छपरावरची जास्तीची वीज कंपनी विकते त्याच भावानं परतही घेई. आता ती कवडीमोलानं घेऊ लागली. म्हणजे दिवसाचं ऊन संध्याकाळपर्यंत सांभाळून ठेवायला बॅटरी आली, आणि बॅटरीचे पैसे आले. पॅनेल कधी नव्हती इतकी स्वस्त झाली होती, आणि ती बसवणं पुन्हा ट्रॅक्टरच्या घरात गेलं होतं. मिहरानला हा विश्वासघात वाटला. भाव पुढच्या दारानं नम्रपणे उतरला होता आणि मागच्या दारानं गुपचूप वर चढून बसला होता. त्या दिवसापासून तो वीज कंपनीचं नाव, ज्यांनी त्याच्या आजोबांना मायदेशातून हाकलून देशोधडीला लावलं त्यांच्या नावांबरोबर घेऊ लागला.

स्वयंपाकघरात आता लोक एकेक करून येऊ लागले. झाबेलला याची सवय होती. कॉफी पिऊन कप बशीत उपडा घालायचा आणि आत उरलेल्या गाळाच्या नक्षीवरून पुढचं सांगायचं, हे काम घराण्यात तिच्याकडे होतं. मिहरान उघडपणे म्हणे की आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण झाबेलनं कप पाहिल्याशिवाय त्यानं आजवर एक एकर विकला नव्हता की एक ट्रॅक्टर घेतला नव्हता. म्हणून ज्यांना मिहरानकडून काही हवं असे, ते आधी झाबेलकडे येत.

पहिला बेर्ज आला. बेर्ज चाळिशीचा, गोलमटोल, कोणत्याही माणसाला नाही म्हणायची शक्ती नसलेला. आधी तो विहिरींचे पंप विके, मग पाणी गोड करायची यंत्रं. येताना आईच्या हातचे चीज भरलेले खुसखुशीत बुरेक घेऊन आला होता. ते त्यानं झाबेलसमोर ठेवले आणि विचारलं, कपात सूर्य वगैरे दिसतो का कधी. दिसतो, झाबेल म्हणाली. मोठा दिसतो का, बेर्जनं विचारलं. झाबेलनं त्याला कप दाखवला. केवढा मोठा दिसणार?

मग रॅफी आला. रॅफी आयुर्विम्याचा धंदा करी, आणि त्यामुळे म्हाताऱ्या माणसांशी तो इतक्या हळुवारपणे बोले की त्यांना धडकी भरे. त्यानं आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. कपात बऱ्याचदा प्रवास दिसतो ना, असं म्हणाला. झाबेल म्हणाली, क्लोव्हिस वीस मिनिटांवर आहे, त्याला कपात कोण प्रवास म्हणतं? रॅफीनं मागे वळून दाराकडे पाहिलं. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "तुझीही सोय पाहून ठेवलीये, आत्या. आपल्याच लोकांचा वृद्धाश्रम आहे, चर्चपासून जवळ. मंगळवारी बिंगो असतो."

झाबेलनं कॉफीत साखर घातली. किती घातली हे तिच्या लक्षात राहिलं नाही.

रॅफी गेल्यावर त्याची बहीण आर्पी आली. आर्पी शाळेत उपमुख्याध्यापक होती, आणि समोरचा माणूस वर्गातून हाकलला जाऊन आपल्या केबिनमध्ये आलाय अशा सुरात ती सगळ्यांशी बोले. तिचं म्हणणं स्पष्ट होतं. आईचं घर विकायचं नाही, रॅफीनं सगळं परस्पर ठरवलंय, तेव्हा कपात पॅनेलच दिसली पाहिजेत. झाबेल म्हणाली, दिसली तर सांगीन. आर्पी म्हणाली, दिसतीलच.

शेवटी डायान आली. रॅफीची बायको डायान या घरात येऊन पस्तीस वर्षं झाली होती, तरी ती अजून 'ओडार', म्हणजे परकी, होती. तिचा पिलाफ घरातल्या सगळ्यांहून चांगला होई, आणि हे तिला कुणी माफ केलं नव्हतं. तिनं आधी दार लावून घेतलं.

"आत्या, मिहरान आमच्याकडे आले तर माझ्या घरातला एसी चार वाजता बंद होईल," ती म्हणाली. "मला मिहरान आवडतात. पण मला पाच वाजताही ते आवडायला हवेत."

झाबेल हसली. डायान ट्रेमध्ये कप मांडू लागली, आणि मांडता मांडता मान वर न करता तिनं विचारलं, "आणि तुम्ही कुठे जाणार?"

हा प्रश्न त्या दिवशी, त्या आठवड्यात, किंबहुना बदामवाला पहिल्यांदा फाटकाशी आला तेव्हापासून कुणीच विचारला नव्हता.

"मंगळवारी बिंगो असतो," ती म्हणाली.

डायाननं हातातला कप खाली ठेवला. मग ती दार उघडून बाहेर गेली.

एकटी उरल्यावर झाबेल लांब दांड्याच्या भांड्यात पाणी मोजून घालून न पेटवलेल्या शेगडीपाशी उभी राहिली. उभ्या जन्मात तिनं कपात दिसलेलं सगळंच सांगितलं होतं असं नाही. आजारपणं तिनं गिळली होती, एकदा एक मोडणारं लग्नही गिळलं होतं. पण न दिसलेलं कधी सांगितलं नव्हतं. त्या एका गोष्टीवर तिची पत होती. आता चार माणसांनी चार मागण्या नोंदवल्या होत्या. पाचवी मागणी तिची स्वतःची होती, आणि ती सगळ्यांत सोपी होती. एक छोटासा सूर्य सांगितला की झालं. मिहराननं चष्मा लावून पाहिलं असतं तरी त्याला काय कळणार होतं?

ती बाहेर आली तेव्हा टेबलावर बेर्जनं आपला टॅब्लेट उघडला होता. त्यावर मिहरानच्या घराचं आकाशातून काढलेलं चित्र होतं. मिहराननं आपलं छप्पर वरून कधी पाहिलं नव्हतं. त्यानं आधी मळा शोधला, मग बदामवाल्याची हद्द आपल्यात किती घुसली आहे ते पाहिलं, आणि मगच छपराकडे वळला. बेर्जनं दक्षिणेच्या उतारावर बोटानं काळे चौकोन मांडले. मिहरान ते पाहून खूश झाला. बेदाण्याची ताटंही आम्ही दक्षिणेला उतार देऊनच मांडत असू, तो म्हणाला. मग त्यानं गंभीरपणे विचारलं, "आणि उलटायची कधी?"

बेर्जला कळलं नाही.

"एक बाजू झाली की उलटतात ना," मिहरान म्हणाला. "नाहीतर खालची बाजू कच्ची राहते."

दुसरा कुणी विक्रेता हसला असता. बेर्ज म्हणाला, तशी गरज पडत नाही, काका, पण तुमचा आग्रहच असेल तर मी कंपनीला विचारून बघतो.

बॅटरी धरून किंमत चौतीस हजार डॉलर होती. त्यातले तीस टक्के सरकार परत देतं, बेर्ज म्हणाला, पण ही सवलत वर्षाअखेर संपतेय. एवढ्यासाठीच रॅफी टपून बसला होता. त्यानं वडिलांना हळुवारपणे समजावलं, की सरकार पैसे हातात देत नाही. तुम्ही भरत असलेल्या प्राप्तिकरातून ते वळते होतात. आणि बाबा, तुम्ही प्राप्तिकर किती भरता?

मिहरानची मान ताठ झाली. प्राप्तिकर जवळजवळ न भरणं ही त्याच्या आयुष्यातली मोठी कामगिरी होती. त्यासाठी त्यानं एक हिशेबनीस पाळला होता आणि दुसरा पुरला होता. "काही नाही," तो अभिमानानं म्हणाला.

"मग सवलतही काही नाही," रॅफी म्हणाला.

मिहराननं बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे मी हुशारीनं वागलो म्हणून मला महाग," तो शेवटी म्हणाला. आणि ते तसंच होतं.

रॅफीनं मग दुसरा पत्ता टाकला. सवलत नाही म्हटल्यावर पैसे वसूल व्हायला अकरा वर्षं लागतात. अकरा हा शब्द टेबलावर पडला आणि तिथेच राहिला. आर्पीनं पिलाफकडे पाहिलं. डायाननं कुणी न मागता दोऱ्यांसारख्या सुटणाऱ्या चीजची बशी फिरवायला सुरुवात केली. बेर्ज आपल्या काळ्या चौकोनांतला एक उगाच डावीकडे सरकवू लागला.

"अकरा वर्षांनी काय होतं?" मिहराननं विचारलं.

"पैसे वसूल होतात."

"आणि मग?"

"मग वीज फुकट."

"चांगलंय की."

रॅफीनं रुमालानं ओठ टिपले. "हो बाबा. पण अकरा वर्षं म्हणजे…"

"म्हणजे किती?"

"अकरा."

"ते कळलं. मी किती वर्षांचा होईन?"

"पंच्याण्णव," रॅफी आपल्या बशीला म्हणाला.

"तुमच्या विम्याच्या कोष्टकात मी किती वर्षं जगतो?"

"कोष्टकात सरासरी असते, बाबा."

"रॅफी," आर्पी म्हणाली, आणि तिच्या शाळेतली पोरं ज्या सुराला घाबरत असतील तो सूर त्या एका शब्दात होता.

मिहराननं चीजची एक दोरी सोलून तोंडात टाकली. झाबेल आपल्या भावाला ओळखत नसती तर तिला वाटलं असतं की त्याला लागलं नाही. पण त्यानं चीज चावलंच नाही, नुसतं गालात ठेवलं. लहानपणी बापानं रागावलं की तो असंच करी. गंमत म्हणजे, तिच्या मनात आलं, पॅनेलचा भाव जसजसा उतरत गेला तसतसं याचं वय चढत गेलं, आणि वसुलीचं वय नेहमी तिथंच, पंच्याण्णवच्या आसपास, उभं राहिलं. हा भावाची वाट बघत होता तेव्हा भावही याची वाट बघत होता.

मग रॅफीनं बदामवाल्याचा आकडा सांगितला. आकडा चांगला होता. इतका चांगला, की तोवर आईच्या घरासाठी ताठ बसलेली आर्पी थोडी पुढे वाकली आणि एकरी किती पडतात असं विचारू लागली. रॅफी म्हणाला, अर्थात सगळं दोघांत समान. आर्पी म्हणाली, शेवटी बाबांच्या तब्येतीचा विचार आधी करायला हवा. बेर्जचा चेहरा पडला. आणि तेव्हा डायान, पस्तीस वर्षांत नवऱ्याविरुद्ध या टेबलावर कधी एक अक्षर न बोललेली डायान, म्हणाली की तिला पॅनेल छान वाटतात. रॅफी बायकोकडे पाहतच राहिला. विम्याच्या कुठल्याही कोष्टकात हे नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. मिहरान उठला, एसी बंद करून आला आणि परत आपल्या जागी बसला. "कॉफी आण, झाबेल," तो म्हणाला.

खोली तापायला वेळ लागला नाही. बेर्जनं कोट घातला होता, आणि सौद्याच्या मध्यावर कोट काढणं म्हणजे शरणागती, असं त्याला कंपनीत शिकवलं होतं, म्हणून तो तसाच भिजत बसला. मिहराननं कॉफी तीन घोटांत संपवली, कप फिरवला, बशीत उपडा घातला आणि बशी बहिणीकडे सरकवली. "माझा विश्वास नाही," त्यानं सगळ्यांना आठवण करून दिली.

झाबेलनं कप थंड होऊ दिला. मग उचलला आणि चष्मा कपाळावर सरकवून आत पाहिलं.

आत रस्ता होता. कपाच्या तळापासून कडेपर्यंत सरळ, रुंद, दोन्ही बाजूंना स्वच्छ. इतका स्पष्ट रस्ता तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. बहुतेक वेळा डोळे बारीक करून, कल्पना लढवून रस्ता करावा लागे. हा एखाद्या आंधळ्यालाही दिसला असता. कडेपाशी एक ठिपका होता, तो दारासारखा. रस्ता दारातून बाहेर जात होता. तिनं कप थोडा फिरवला. रस्ताही फिरला, पण गेला नाही.

सगळे तिच्याकडे पाहत होते. रॅफी हळुवारपणे, आर्पी सक्तीनं, बेर्ज घामातून. डायान पाहत नव्हती. ती हातातल्या रुमालाची घडी घालत होती. झाबेलच्या जिभेवर तो छोटा सूर्य तयार होता. गोल आहे, म्हणायचं. छपराच्या वर आहे, म्हणायचं. एवढंच.

"रस्ता आहे," ती म्हणाली. "घरातून बाहेर जातो."

रॅफीनं श्वास सोडला आणि खुर्चीत मागे रेलला.

झाबेलनं कप खाली ठेवला. "हे कपाचं झालं," ती म्हणाली. "आता मी माझं सांगते. मला कुठे जायचं नाहीये. मला इथंच राहायचंय."

मिहरान बहिणीकडे असा पाहत राहिला, जणू ती टेबलापाशी इतकी वर्षं बसलेली त्याला आजच दिसली. मग तो रॅफीकडे वळला. "झाबेल कुठे जाणार होती?"

रॅफीनं वृद्धाश्रमाबद्दल सांगितलं. बिंगोचं सांगितलं नाही. खोली एकच आहे, सायकल आहे, असं काहीतरी पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते, आणि ते केवळ उकाड्यामुळे नव्हतं.

"तू आधी का नाही बोललीस?" मिहराननं बहिणीला विचारलं.

"कप माझा नव्हता," झाबेल म्हणाली.

मिहराननं मान हलवली. गालातलं चीज त्यानं आता चावून गिळलं. मग तो बेर्जकडे वळला. "किती म्हणालास?"

"चौतीस हजार, काका."

"बरं."

बेर्ज थांबला. "बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. बसव."

तोरिगियन घराण्याच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. मिहरानचा आजोबा जहाजातून उतरला तेव्हा त्यानं भाषा येत नसताना हमालाशी घासाघीस केली होती. स्वतः मिहराननं अझ्निव्हच्या शवपेटीच्या किमतीत रडत रडत पंधरा टक्के सूट मिळवली होती, आणि अझ्निव्हला त्याचा अभिमानच वाटला असता. आणि आज या माणसानं पहिला भाव, जसा सांगितला तसा, कबूल केला होता. आर्पीनं उठून वडिलांच्या कपाळाला हात लावला.

सगळ्यांत जास्त घाबरला बेर्ज. चौतीस हा आकडा त्यानं मिहरानकाका ओरडतील, उठून जातील, परत येतील, आपल्या मेलेल्या आईची शपथ घालतील, या सगळ्याला जागा ठेवून काढला होता. आता त्या जागेत तो एकटाच उभा होता. घरी जाऊन आईला काय सांगणार? चुलतकाकाला पहिल्याच भावात गंडवलं म्हणून? "काका, आपल्या माणसांना मी चौतीस लावणार नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "तेहतीस."

"मी चौतीसला बरं म्हटलंय," मिहरान म्हणाला.

"बत्तीस."

आता रॅफीला राहवेना. पॅनेल बसवायला त्याचा विरोध होता, आणि तो अजून तसाच होता. पण फुगवलेला भाव लावून आपल्या बापाचा कुणी असा अपमान करावा, हे त्याला सहन होईना. तो टेबलावर दोन्ही कोपरे टेकवून पुढे सरसावला. बत्तीस कसले, त्यानं विचारलं, बॅटरी काय सोन्याची आहे? बेर्जच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तो म्हणाला, सोन्याची नाही, पण दहा वर्षांची हमी आहे. आर्पी म्हणाली, दहा वर्षं का, वसुली अकरा वर्षांनी आहे ना, मधलं एक वर्ष काय मेणबत्त्या लावायच्या? डायाननं विचारलं की एकाच कुटुंबातल्या दोन घरांना मिळून बसवलं तर काय पडेल. रॅफीनं बायकोकडे पाहिलं आणि, कुणालाही वाटलं नव्हतं असं, म्हणाला, हा मुद्दा बरोबर आहे, बेर्ज, याचं उत्तर दे. बेर्जनं अखेर कोट काढला. त्यानं आपल्या मुलांची नावं घेतली, त्यांच्या शाळेची फी सांगितली. रॅफी उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. एकतीस. साडेतीस. आर्पी म्हणाली, पाचशेपाचशेनं काय उतरतोस, लाज वाटू दे. तीस.

सकाळपासून एकमेकांकडे न पाहणारी माणसं आता एकाच बाजूला बसून एका माणसाला पिळत होती, आणि तो माणूस घामानं निथळत, आपण पिळले जात आहोत या समाधानात हसत होता.

झाबेलनं भावाकडे पाहिलं. मिहरान बोलत नव्हता. तो ऐकत होता. आकडे खाली येत होते तसतसे त्याचे डोळे बारीक होत होते, आणि त्यांत ती जुनी, तिला नको इतकी ओळखीची चमक येत होती. बेर्जनं सहीसाठी टॅब्लेट त्याच्यापुढे सरकवला. काचेवर बोटानंच सही करायची होती. मिहराननं बोट उचललं आणि ते हवेतच राहिलं.

"झाबेल," तो हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "अजून उतरतोय गं. नोव्हेंबरपर्यंत थांबलो तर—"

झाबेलनं त्याचं बोट धरलं. असंच बोट धरून तिनं त्याला पहिल्यांदा आपलं नाव गिरवायला शिकवलं होतं, तेव्हाही तो मधेच थांबून विचारी की बाकीचं उद्या केलं तर चालेल का. तिनं ते बोट काचेवर टेकवलं आणि फिरवलं. मिहराननं जरा ओढून पाहिलं, मग ओढणं सोडलं.

जे उमटलं ते त्याचं अक्षर नव्हतं आणि तिचंही नव्हतं. बेर्जनं टॅब्लेट उजेडात धरून ते वाचायचा प्रयत्न केला, आणि म्हणाला, चालतं.